खान्देशातल्या भरल्या घरासाठी फरशी : मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स आणि कोटा यांविषयी अभिप्राय

आमचे घर जळगाव शहराच्या कडेला, पूर्वी कपाशीचे शेत असलेल्या काळ्या जमिनीवर उभे आहे. घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात, दारात दोन दुचाकी आणि मुलांच्या सायकली असतात आणि शेतावरून येणारी माणसे सरळ ओसरीतून आत येतात. बैठकीच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोल्यांत आम्ही मॅट फिनिशच्या दोन बाय दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या आणि स्वयंपाकघर, ओसरी व मागचा पडवीचा भाग कोटा फरशीचा केला. काही उन्हाळे-पावसाळे वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. दोन्हींनी समाधान दिले, परंतु दोन्हींच्या काही अटी आहेत आणि त्या अटी दुकानात कोणी सांगत नाही.

फरशीची निवड करताना पहिला प्रश्न ती कशी दिसते हा नसून तिच्यावर वर्षभर काय पडणार आहे हा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. खान्देशात पावसाळ्यात पायांबरोबर काळी चिकट माती घरात येते, तर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत फिकट, रवाळ धूळ खिडक्या बंद असतानाही आत शिरते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे घरोघरी कूलर चालतात आणि कूलर म्हटला की त्याच्या लोखंडी स्टँडखाली पाणी सांडणे आणि गंजाचा डाग पडणे आलेच. चैत्र-वैशाखात बिबडे, कुरडया आणि पापड यांचा घाट घालायचा असतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी सगळी भाऊबंदकी एका छताखाली जमते. अशा दिवशी पंगत फरशीवरच बसते, शेवभाजीचा तेलकट रस्सा सांडतो, हळद-मसाल्याची बोटे जमिनीला लागतात आणि पाठोपाठ ओला पोछा फिरतो. या साऱ्या वापरात जी टिकते आणि तरीही नजरेला सुखावते, ती फरशी चांगली.

व्हिट्रिफाइड टाइल्सबद्दल आधी थोडे तांत्रिक सांगणे आवश्यक आहे, कारण एकाच नावाखाली निरनिराळा माल विकला जातो. व्हिट्रिफाइड टाइल उच्च तापमानाला भाजलेली असल्याने तिचे अंग अतिशय घट्ट होते. ती स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. साधी सिरॅमिक फ्लोअर टाइल सुमारे 3 ते 6 टक्के पाणी शोषते आणि भिंतीची टाइल त्याहून बरीच जास्त, म्हणूनच भिंतीची टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीला लावू नये. व्हिट्रिफाइडमध्येही पोटप्रकार आहेत. डबल चार्ज टाइलमध्ये रंगाचा थर साधारण 3-4 मिलिमीटर खोल असतो, फुल बॉडीमध्ये रंग आरपार असतो आणि ज्यांना दुकानदार जीव्हीटी म्हणतात त्या टाइल्सवर डिजिटल छपाई करून वर काचेसारखा लेप दिलेला असतो. आपल्याकडे येणारा बहुतेक माल गुजरातेतील मोरबीचा असतो आणि सुरत-नवापूर-धुळे या महामार्गाने तो खान्देशात सहज पोचतो. त्यामुळे निवड भरपूर आहे आणि घाई करण्याचे काही कारण नाही.

आम्ही जीव्हीटी घेतली, पण चकचकीत घेतली नाही. यामागे सौंदर्यापेक्षा सुरक्षिततेचा विचार होता. घरात काठी टेकत चालणारी ज्येष्ठ मंडळी आहेत आणि पळत सुटणारी मुलेही आहेत. कूलरचे पाणी सांडलेल्या पॉलिश टाइलवर या दोघांचाही भरवसा धरता येत नाही. घसरण रोखण्याच्या क्षमतेसाठी आर 9, आर 10, आर 11 अशी चढती श्रेणी वापरली जाते आणि चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात ती छापलेली असते. कोरड्या खोल्यांना आर 9 पुरते, न्हाणीघर आणि मोरीसाठी किमान आर 10 पाहावे, उघड्यावरच्या उतारासाठी आर 11. लेपाच्या टाइल्सची झीज सोसण्याची क्षमता पीईआय या 1 ते 5 अशा वर्गवारीत सांगितली जाते. वर्दळीच्या घरासाठी 4 वर्गाचा आग्रह धरावा. आपल्या उन्हाळी धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठीणता 1 ते 10 अशा मोहच्या मापनात 7 येते, म्हणजे ते पायांखाली रगडले गेले की बहुतेक पॉलिश पृष्ठभागांवर बारीक ओरखडे पाडतात. चकचकीत टाइलवर हे ओरखडे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. मॅटवर ते असूनही दिसत नाहीत.

खरेदीपूर्वी नमुन्याची एक टाइल घरी आणावी, एवढी विनंती मी प्रत्येकाला करीन. आम्ही निवडलेल्या दोन-तीन नमुन्यांवर तेलात कालवलेली हळद आणि काळ्या मसाल्याचा रस्सा रात्रभर ठेवला आणि सकाळी नुसत्या ओल्या फडक्याने पुसला. एका पॉलिश केलेल्या टाइलवर हळदीचा पिवळा ठिपका सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसला होता आणि तो साबणानेही पूर्ण निघाला नाही. मॅट जीव्हीटीवरचा डाग फडक्याच्या दुसऱ्या हाताला गेला. त्यानंतर त्याच नमुन्यांवर पाणी टाकून अनवाणी पायाने उभे राहून पाहिले. कोणती टाइल पाय धरून ठेवते हे तळव्याला लगेच कळते आणि त्यासाठी कोणत्याही माहितीपत्रकाची गरज लागत नाही.

रंगाच्या बाबतीत खान्देशाला स्वतःचे गणित आहे. शुभ्र फरशीवर पावसाळ्यात काळ्या मातीचा प्रत्येक ठसा उमटतो. गडद तपकिरी किंवा काळी फरशी घेतली तर उन्हाळ्यातली फिकट धूळ तासाभरात दिसू लागते आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पुसल्यावर पांढरे ओघळ राहतात. मधला मातकट, राखाडीकडे झुकणारा बदामी रंग आणि त्यावर हलकी, विखुरलेली छटा हा मार्ग आम्ही धरला. दोन वेळच्या झाडलोटीमध्ये घर स्वच्छ दिसत राहते, ही या रंगाची सर्वांत मोठी सोय आहे. छापलेल्या नक्षीच्या टाइल्समध्ये एकच चित्र वारंवार येत नाही ना, हेही पाहून घ्यावे. दुकानदाराला एका डिझाइनचे निरनिराळे किती चेहरे आहेत ते विचारावे आणि निदान आठ-दहा टाइल्स जमिनीवर एकत्र मांडून पाहाव्यात. एकच शीर प्रत्येक टाइलवर त्याच जागी आली की सगळी खोली छापील वाटू लागते.

आता कोटा फरशीविषयी, जिच्याबद्दल मला विशेष आत्मीयता आहे. राजस्थानातील कोटा आणि झालावाड जिल्ह्यांतून येणारा हा चुनखडक खान्देशात शाळा, दवाखाने, मंदिरे आणि सरकारी कचेऱ्या यांतून सर्वांच्या ओळखीचा झाला आहे आणि कदाचित त्यामुळेच नव्या घरांत तो साधा समजून टाळला जातो. माझ्या मते हा अन्याय आहे. दर्जेदार, मशीनने काटकोनात कापलेली, निळसर-हिरवट कोटा फरशी बारीक सांध्यांनी बसवून नीट पॉलिश केली तर तिच्याइतकी खानदानी जमीन त्या किमतीत दुसरी मिळत नाही. प्रत्येक पाटीचा रंग किंचित वेगळा असतो आणि तो अस्सल दगडाचा असल्याने डोळ्यांना कंटाळा येत नाही. सणाच्या दिवशी ओसरीत रांगोळी काढली की तिचे पांढरे ठिपके आणि रेषा या गडद दगडावर जशा उठून दिसतात तशा फिकट टाइलवर कधीच दिसत नाहीत. आमच्या घरातल्या बायकांनी कोट्याला कौल दिला तो प्रामुख्याने याच कारणाने आणि तो योग्य ठरला.

उन्हाळ्यात तळमजल्यावरची, सावलीतली कोटा फरशी दुपारीसुद्धा गार लागते. जेवण झाल्यावर चटई न टाकता तिच्यावर पाठ टेकण्याचे सुख या भागात राहणाऱ्यालाच कळेल. उघड्या अंगणात मात्र हा गारवा मिळत नाही. तिथे भर दुपारी कोटा इतका तापतो की अनवाणी पाऊल ठेववत नाही. स्वयंपाकघरातही ती उपयोगाची ठरते, कारण पातेले, तवा किंवा खलबत्ता पडला तरी साधारण इंचभर जाडीचा दगड नीट भरीव बसवलेला असेल तर सहसा तडकत नाही आणि कोपऱ्याची कपची उडालीच तरी खालचा रंग वरच्यासारखाच असल्याने ती जागा डोळ्यांत खुपत नाही.

कोट्याच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. चुनखडकाला आम्ल सोसत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर किंवा कैरीच्या लोणच्याचा खार सांडून तसाच राहिला तर तेवढ्या भागाचे पॉलिश उडते आणि एक निस्तेज, खरखरीत डाग उरतो. तो डाग नसून दगडाचा वरचा थर विरघळलेला असतो, त्यामुळे घासून जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. संडास-न्हाणीघर साफ करण्याचे आम्ल तर कोट्याच्या जवळपासही नेऊ नये. तेलही हा दगड थोडेफार पितो, म्हणून स्वयंपाकघरात पॉलिशनंतर सीलर लावून घेणे हिताचे आहे. शिवाय फरशी बसवल्यानंतर मशीनने जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत अनेक फेऱ्यांत जे पॉलिश होते, त्याचा राड भिंतींवर फूटभर उंच उडतो. रंगाचा शेवटचा हात त्यानंतरच द्यावा. काही वर्षांनी पॉलिश पुन्हा करावे लागते आणि तेव्हा खोली रिकामी करण्याचा त्रास आहेच. ज्यांना हे नको त्यांनी कोटा घेऊ नये.

दोन प्रकारच्या फरश्या एकत्र वापरताना पातळीचा विचार आधीच झाला पाहिजे. कोट्याच्या पाट्यांची जाडी सारखी नसते, म्हणून तिला दीड-दोन इंच मसाल्याचा थर लागतो आणि एकूण उंची अडीच-तीन इंचांपर्यंत जाते. टाइल अॅडहेसिव्हवर बसवली तर एकूण उंची अर्धा ते पाऊण इंचच भरते. हा फरक खालच्या काँक्रीटमध्ये सामावून घेतला नाही, तर स्वयंपाकघराच्या दारात ठेच लागणारी पायरी तयार होते. आमच्याकडे दोन्ही एका पातळीत आणून मध्ये काळ्या ग्रॅनाइटची पट्टी दिली आहे आणि ती दिसायलाही देखणी आहे.

लाकडी दिसणारे लॅमिनेट फ्लोअरिंग आम्ही विचारात घेतले आणि बाजूला ठेवले. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो. सांध्यातून पाणी शिरले की तो फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. रोज ओला पोछा, कूलरची ओल आणि वाळवीचा धोका असलेल्या आपल्या घरांना ते मानवणारे नाही. दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या एसपीसी फळ्या पाण्याला टिकतात, तथापि पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या कडक उन्हात त्या प्रसरण पावतात आणि कडेला पुरेशी मोकळी जागा सोडली नसेल तर उचलल्या जातात. लाकडाचाच भास हवा असेल तर 8 इंच बाय 4 फूट अशा पट्ट्यांत मिळणारी व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. ती विटांच्या बांधकामासारखी बरोबर अर्ध्यावर न जोडता एक तृतीयांश सरकवून जोडावी, कारण लांब टाइल भट्टीत मध्यभागी किंचित फुगीर होते आणि अर्ध्यावर जोडल्यास शेजारच्या टाइलची कड वर येऊन पायाला लागते.

गच्चीसाठी फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची चायना मोझॅक ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि कुरडया वाळत घालायला स्वच्छ जागा मिळते.

इथवर मालाबद्दल झाले, परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे फरशीचे आयुष्य मालापेक्षा तिच्या खाली काय आहे यावर अधिक ठरते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. जोत्यात तीच माती भरून वर फरशी घातली, तर दोन-तीन वर्षांत भिंतीलगत फरशी खचते आणि स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीखाली) बोटभर फट पडते; नव्या वसाहतींत अशी घरे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या काहींत फार महागडी टाइल होती. जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरावा, तो अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत पाणी मारून धुमसाने ठोकून घ्यावा आणि त्यावर चार इंचांचे काँक्रीट टाकावे. हे काम नजरेआड जाते म्हणून त्यात काटकसर केली जाते, पण एकदा फरशी बसली की ते सुधारण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरी बाब बसवण्याची. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नसल्याने साध्या सिमेंटच्या मसाल्याशी तिची पकड कमकुवत राहते. तिच्यासाठी टाइल अॅडहेसिव्ह वापरावे. पिशवीवर आयएस 15477 हे मानक छापलेले आहे का ते पाहावे. अॅडहेसिव्ह दातेरी थापीने संपूर्ण पृष्ठभागावर पसरवायचे असते. अनेक मिस्त्री घाईत चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबतात आणि मधल्या पोकळीत हवा राहते. आमच्या एका खोलीत काम सुरू असताना बसवलेल्या टाइल्सवर नाण्याने टकटक करून पाहिली, तेव्हा काहींचा आवाज भरीव आला आणि काहींचा बद्द. बद्द आवाजाच्या टाइल्स त्याच दिवशी काढून पुन्हा बसवून घेतल्या. याचे महत्त्व नंतर एका प्रसंगाने पटले. भरलेला गॅस सिलिंडर, ज्याचे वजन जवळजवळ 30 किलो असते, बैठकीतून नेताना हातातून निसटून टाइलच्या कोपऱ्यावर आदळला. टाइलवर लोखंडी कड्याची काळसर रेघ उमटली, ती नंतर घासून गेली आणि टाइल अभंग राहिली. खाली पोकळी असती तर तो कोपरा निश्चितच तुटला असता.

भर उन्हाळ्यात हे काम काढू नये. तापलेल्या जमिनीवर मसाला आणि अॅडहेसिव्ह पकड येण्याआधीच सुकतात. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ सर्वांत योग्य. भिंतीच्या कडेने पाव इंच जागा प्रसरणासाठी सोडावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

सांध्यांचा प्रश्न बहुतेकांना क्षुल्लक वाटतो, पण घर जुने दिसते ते टाइलमुळे नव्हे, सांध्यांमुळे. टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवण्याचा आग्रह गवंडी धरतात. त्याऐवजी 2-3 मिलिमीटरचे स्पेसर लावून सांधा ठेवावा. या सांध्यात सिमेंटचे ग्राउट, म्हणजे सांधा बुजवण्याचे मिश्रण, भरले तर ते तेल आणि हळद शोषते आणि पुसण्याच्या पाण्यात सोडा किंवा साबण असेल तर अल्कलीच्या संयोगाने हळदीचा डाग लालसर होतो. जेवणाची जागा आणि न्हाणीघर इथे आम्ही इपॉक्सी ग्राउट वापरले. ते महाग पडते आणि भरताना सांडलेले लगेच पुसावे लागते, तथापि त्या सांध्यांचा रंग आजही पहिल्यासारखा आहे. झोपण्याच्या खोल्यांत सिमेंटचे ग्राउट भरले होते, तिथे कूलरच्या बाजूचे सांधे काळवंडले आहेत.

मॅट टाइलची एक तक्रार नोंदवायलाच हवी. तिच्या बारीक खरबरीतपणात तेलकट मळ हळूहळू साठतो आणि केवळ पोछा फिरवून तो निघत नाही. महिन्यातून एकदा कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन बसावे लागते. फार खडबडीत फिनिश घेतल्यास हे काम दुपटीने वाढते, म्हणून घरातल्या खोल्यांसाठी हाताला रेशमी लागणारी मॅट निवडावी आणि खडबडीत फिनिश न्हाणीघरापुरतीच ठेवावी.

खरेदीचा हिशेब करताना दुकानदाराच्या अंदाजावर विसंबू नये. दोन बाय दोनच्या खोक्यात सहसा चार टाइल्स असतात आणि एक खोके सुमारे साडेपंधरा चौरस फूट भरते. 12 बाय 15 फुटांच्या खोलीला जमीन 180 चौरस फूट, चार इंचांच्या स्कर्टिंगला साधारण 18 आणि कापाकापीसाठी दहा टक्के धरले की 15 खोकी लागतात. सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक आणि शेड क्रमांक एकच असल्याची खात्री माल उतरवतानाच करावी. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक पडतो आणि तो बसवल्यावरच ठळक दिसतो. आमच्याकडे आलेल्या गाडीत तीन खोकी वेगळ्या शेडची निघाली आणि ती तिथल्या तिथे परत पाठवता आली, कारण गाडी अजून दारात उभी होती. याखेरीज प्रत्येक डिझाइनचे एक खोके कायमचे माळ्यावर ठेवावे. मोरबीतील डिझाइन्स फार लवकर बदलतात आणि पुढे कधी नळाच्या कामासाठी दोन टाइल्स फोडाव्या लागल्या, तर त्याच रंगाची टाइल बाजारात मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते.